वडिलांची सही
सारख्या दिसणाऱ्या इंग्रजी शब्दांच्या जोड्या देऊन मी मुलांकडून चार ओळींची गोष्ट लिहून घेतो. तपासतो फक्त चुका. आज चहा पिताना एका मुलीची गोष्ट बायकोला मराठीत सांगितली: बाबांनी पट्टा काढला की ती कपाटात लपते. बायकोचा कप हवेतच थांबला. “अहो, तुम्ही हे वाचलंत तरी का?” वहीवर मीच शेरा मारला होता, ‘वडिलांची सही आणावी.’ चपला उलट्यासुलट्या घालून तिचं घर गाठलं. वडिलांच्या हातात तीच वही. “या सर! मला कुठलं इंग्रजी? काय लिहिलंय कार्टीनं, मराठीत सांगा, मग सही करतो.” मागे कपाटाच्या फटीतून दोन डोळे माझ्याकडे पाहत होते. “मांजरावर लिहिलंय.” मी म्हणालो. “चुका फार आहेत. आमच्याकडे नेऊन शिकवतो. चल बाळ, वही घे.”