म्हातारीला विचारून

नदीकाठी आता विधवा सार्पोमाची कोकोची बाग तेवढी उरली होती. बाकीचा काठ सोन्यासाठी खणून झाला होता. ही बाग द्यायची की नाही, ते पंचांनी सांगायचं होतं. खाणवाल्यांचा माणूस ओडुरो कागद घेऊन झाडाखाली बसला होता आणि सकाळपासून सगळे एकदमच बोलत होते.

शेवटी थोरले पंच, नाना न्सिया, उठले. "आम्ही जरा म्हातारीला विचारून येतो."

म्हातारी अशी कुणी नसते. तापल्या डोक्याने निवाडा देऊ नये म्हणून पंच बाजूला जाऊन बसतात, त्याला आमच्यात तसं म्हणतात.

कोको वाळवायच्या छपराखाली पाचही जण बसले.

"पहिलं मशीन आलं तेव्हाच असं बसायला हवं होतं," बोआतेन म्हणाले.

"तेव्हा तुम्हीच म्हणालात, घाई करा, नाहीतर शेजारचं गाव घेईल."

"म्हणालो खरा."

मग आवाज न चढवता एकेक गोष्ट निघाली. नदीचं पाणी. मासे. शाळेमागचा खड्डा आणि त्यात बुडालेल्या दोन मुली. नकार द्यायचा, यावर पाचांचं एकमत झालं. नानांना कितीतरी दिवसांनी हलकं वाटलं.

ते परतले तेव्हा सार्पोमा निघण्याच्या बेतात होती. तिच्या अंगठ्याला निळी शाई होती.

"अगं, आम्ही नाही म्हणणार होतो," नाना म्हणाले.

"म्हणा की." तिने अंगठा लुगड्याला पुसला. "वरच्या अंगाला ओढा त्यांनी गेल्या महिन्यातच वळवला, नाना. झाडं उभी वाळताहेत. प्यायचं पाणी मी पिशवीतलं विकत आणते. तुमच्या नकाराला कुठलं पाणी घालू?"

ती गेली.

पण ठरलेला निवाडा सांगावाच लागतो. नानांनी खूण केली. पंचांचा वक्ता सोनेरी मुठीची काठी घेऊन पुढे झाला आणि बाग देता येणार नाही, असं त्याने पूर्वजांची नावं घेऊन रीतसर सांगितलं.

ओडुरोने कागदाची घडी खिशात ठेवली, टोपी काढली आणि शेवटपर्यंत अदबीने ऐकून घेतलं.