पितळी बटण

इस्त्री उचलली आणि ड्रायव्हरने कपाळाला हात लावला. खाकी पाकिटाच्या मधोमध रुपयाएवढं भोक पडलं होतं आणि जळकट वास घरभर पसरत होता.

आत न्हाणीघरात चिमणी गात गात आंघोळ करत होती. पाकीट तिचं होतं. तिच्या बाईंना पेनं ठेवायला. बाबाच्या बस चालवायच्या जुन्या पँटचा पाय कापून तिने ते शिवलं होतं, बोटांना सुया टोचून घेत, कुणालाही हात लावू न देता. बाईंचा नियमच होता तसा. वर्ष संपताना भेट द्यायचीच असेल तर आपल्या हातची, घरातल्या टाकाऊ वस्तूंची. विकतची भेट त्या हसून परत करत. एकाच्या चकचकीत खोक्यापुढे दुसऱ्या पोराचं तोंड एवढंसं होऊ नये, म्हणून. अशी शिक्षिका आपल्या लेकीच्या वाट्याला आली, याचं ड्रायव्हरला फार अप्रूप होतं.

आणि या शहाण्याने काय केलं? पाकीट जरा कडक दिसावं म्हणून न विचारता इस्त्री फिरवली! चिमणीची आई बहिणीच्या बाळंतपणाला गेली होती. ती असती तर म्हणाली असती, नको तिथे हात घालायची खोडच तुम्हाला.

"बाबा, झालं का रे तुझं?" आतून हाक आली.

"झालं, झालं!" तो म्हणाला आणि जळकं पाकीट खिशात कोंबून चपला पायात अडकवल्या.

कोपऱ्यावर मावशींचं वह्या-पेन्सिलींचं दुकान होतं. तिथे दारातच कापडी पाकिटं टांगलेली असत. नशिबाने एक खाकी निघालं.

"हातशिलाई आहे हो," मावशी म्हणाल्या. "एक ताई घरी शिवून देतात. आतून बघा नाहीतर बाहेरून बघा, टाका हलायचा नाही."

ड्रायव्हरला आत-बाहेर बघायला सवड कुठली! घरी येऊन त्याने जळक्या पाकिटावरचं पितळी बटण काढलं. चिमणीने ते त्याच्याच जुन्या कोटावरून घेतलं होतं. तेवढं तरी तिचं राहू दे, म्हणून तो ते नव्या पाकिटावर लावायला बसला. जन्मभर स्टिअरिंग धरलेला हात तो. दोरा ओवतानाच घाम फुटला. निघू नये म्हणून त्याने दोरा गुंडाळला, गुंडाळला आणि परत गुंडाळला. शेवटी बटणाखाली दोऱ्याचं गाठोडंच झालं. बरंच झालं, त्याला वाटलं, पोरीने केल्यासारखं दिसेल. मग कागदात गुंडाळून त्याने पुडकं तिच्या दप्तरात ठेवलं.

वर्गात पालक मागे उभे होते. बाई एकेक पुडकं उघडत होत्या आणि उगाच "छान, छान" म्हणत नव्हत्या. जुन्या मोज्याचं डस्टर त्यांनी हातात चढवलं. "अरे वा, आता हात खडूने माखायचे नाहीत! हे डोकं कुणाचं?" कागदाच्या डबीचं झाकण उघडलं, लावलं. "घट्ट बसतंय. सगळ्यात अवघड तेच असतं." ज्याचं नाव निघे ते पोर वीतभर उंच होई. ड्रायव्हर बघतच राहिला. बसमध्ये चढणाऱ्या माणसाकडे आपण कधी असं बघितलं का, असं त्याला वाटून गेलं.

मग खाकी पाकीट निघालं. चिमणीचा चेहरा उतरला. तिने वळून बाबाकडे पाहिलं, आणि बाबाने छताकडे.

बाईंनी पाकीट हातात घेतलं, उलटं केलं, आतली शिवण पाहिली. बराच वेळ पाहिली. ड्रायव्हरने खिशातलं जळकं पाकीट मुठीत आवळलं.

"हे बटण बघा," बाई म्हणाल्या. "पाकीट एक वेळ फाटेल, पण बटण निघायचं नाही. लावणाऱ्याचा किती जीव गुंतलाय यात!"

टाळ्या पडल्या. सुटलो बुवा, ड्रायव्हर मनात म्हणाला. भोळ्या आहेत बिचाऱ्या.

बाहेर आल्यावर चिमणीने त्याचा हात धरला नाही. "ते माझं नव्हतं," ती म्हणाली.

त्याने खिशातून जळकं पाकीट काढलं आणि सगळं सांगून टाकलं. चिमणी पायरीवर बसून रडली, रडली. शाळा रिकामी झाली, बाईही निघून गेल्या, तरी तिचे हुंदके थांबेनात.

"आता बाई ते जपून ठेवतील," ती म्हणाली, "आणि ते माझं नसणारच. पुढच्या वर्षी मी दुसऱ्या शाळेत. त्यांना कधी कळणारसुद्धा नाही."

ड्रायव्हर तिच्या शेजारी पायरीवर बसला. "चुकलो गं बाळा. बाईंचं घर शोधू. मी स्वतः सांगतो सगळं."

तिने नाक पुसलं. "भोक पडलेलं कसं द्यायचं? आधी ठिगळ लावू. आणि ते मी लावणार. तू हात लावायचा नाहीस."

"नाही लावत, बाई!" त्याने कान पकडले.

दोघं मावशींच्या दुकानात गेले. "खाकी चिंधी मिळेल का एखादी?" त्याने विचारलं.

"माझ्याकडे कुठली?" मावशी म्हणाल्या. "पण अगदी वेळेवर आलात. पाकिटं शिवणाऱ्या ताई आत्ताच आल्यात. त्यांना विचारा."

काउंटरपाशी कुणीतरी पाठमोरं उभं राहून पिशवीतून नवी पाकिटं काढत होतं. आवाज ऐकून ते वळलं.

"बाई!" चिमणी ओरडली.

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं ड्रायव्हरला झालं. बाईंनी चिमणीच्या हातातलं जळकं पाकीट घेतलं, उलटं केलं, तिची वाकडीतिकडी शिवण बोटाने शेवटपर्यंत चाचपली आणि ते छातीशी धरलं. मग त्या ड्रायव्हरकडे वळल्या.

"बटण मात्र तुम्ही खरंच छान लावलंत हो."