थोराचा चीक

इर्मा फ्रीझननं पाव कापायची सुरी हातात घेतली, पण ती चालवायचं तिला धाडस होईना.

रविवारची दुपार. कॅनडातल्या सॅस्कटूनमध्ये पारा उणे चौतीसवर, खिडकीच्या काचेला आतूनही बर्फ धरलेला. टेबलावर वर्तमानपत्र पसरून तिनं कुंडी मधोमध ठेवली होती. कुंडीत तीनधारी थोर, उभ्या माणसाच्या कमरेइतका. वरून हिरवागार. बुडाशी मात्र बोट दाबलं की सडक्या केळ्यासारखं आत जात होतं.

हॅलिफॅक्सला नोकरी लागली तेव्हा जाता जाता मुलीनं, मार्लानं, तो आणून दिला होता. "आई, याला काही म्हणजे काही लागत नाही. महिनाभर विसरलीस तरी चालेल."

इर्मा विसरली नाही. चौतीस वर्षं शाळेची बस चालवून निवृत्त झालेल्या एकट्या बाईला विसरायला सवड कुठली? सकाळी कॉफी झाली की ती त्याला पाणी घाली. संध्याकाळी माती कोरडी वाटली की पुन्हा. कधी कधी कोरडी नसली तरीही.

सकाळीच तिनं रोपवाटिकेत फोन लावला होता. तिथल्या माणसानं विचारलं, "किती दिवसांनी पाणी घालता?"

"दिवसांनी? रोज घालते."

"लाडानं मारलंत की हो त्याला," तो म्हणाला. मग त्यानं नीट समजावलं. वरचा चांगला भाग कापायचा, आठवडाभर सुकू द्यायचा, मग कोरड्या वाळूत खोचायचा. हातमोजे घालायचे, चीक फार वाईट असतो. "आणि त्यानंतर त्याच्या वाटेला जाऊ नका."

"बघायचंसुद्धा नाही?"

"बघा की. फक्त काही करू नका."

शेवटी तिनं सुरी टेकवली आणि दाबली. खोड काकडीसारखं सहज कापलं गेलं आणि दोन्ही बाजूंनी पांढराशुभ्र चीक भळभळा वाहायला लागला. वर्तमानपत्र भिजलं, मनगटावर ओघळ आला. एवढं त्याच्यात भरून होतं, हे तिला माहीतच नव्हतं. तिचे डोळे भरून आले. तिनं ते हाताच्या मागच्या बाजूनं पुसले. हातमोज्यासकट.

क्षणभर काहीच झालं नाही. मग उजव्या डोळ्यात कुणी निखारा ठेवावा तशी आग उसळली. डावाही आपोआप घट्ट मिटला. हातमोजे ओढून टाकत ती चाचपडत नळापर्यंत गेली, तोंडावर पाणी मारलं. पण पापणी उघडेना. फोन कुठं ठेवलाय ते आठवेना, आणि सापडला असता तरी आकडे दिसणार नव्हते.

भिंत धरून ती दाराबाहेर आली आणि समोरच्या दारावर दोन्ही मुठींनी बडवू लागली.

समोर कोण राहतं हे तिला धड माहीत नव्हतं. दाराबाहेर खाणकामगाराचे भलेमोठे बूट असत. लिफ्टमध्ये गाठ पडली तर "थंडी फार आहे," "हो ना," एवढंच.

दार उघडलं. कांदा परतल्याचा वास आला. "अहो, काय झालं?"

"चीक. डोळ्यात."

त्यानं पुढचं काही विचारलं नाही. दंड धरून तिला ओट्यापाशी नेलं, गॅस बंद केला, एका हातानं तिचं कपाळ पेललं आणि डोकं नळाखाली वाकवलं.

"डोळा उघडा."

"उघडत नाही हो!"

"मग मी उघडतो. शिव्या द्यायच्या तर खुशाल द्या. खाणीत रोज ऐकतो मी."

तिनं एक सणसणीत शिवी दिली. "शाब्बास," तो म्हणाला आणि दोन बोटांनी पापण्या फाकवून धरल्या.

पापण्या क्षणभर सोडून त्या हातानं त्यानं आरोग्य हेल्पलाइनला फोन लावून ओट्यावर ठेवला. पलीकडच्या बाईनं बजावलं, वीस मिनिटं पाणी चालू ठेवा, मध्ये थांबू नका, मग दवाखान्यात दाखवा. त्यानं ओव्हनची घंटी लावली.

"कुणाला कळवायचंय का?"

"मुलीला. नको, राहू दे. तिला वाटतं, आमचं दोघांचं छान चाललंय."

"दोघांचं?"

"माझं आणि झाडाचं."

तो हसला नाही. "मी वॉल्ट," म्हणाला. "वॉल्ट बॉयको. दोन वर्षं झाली असतील ना तुम्हाला इथं?"

"तीन. मी इर्मा."

पाणी कोमट होतं. तिच्या केसांची एक ओली बट पुन्हा पुन्हा डोळ्यावर येत होती. प्रत्येक वेळी तो ती मागं सारून कानामागं अडकवत होता, सावकाश, खरबरीत बोटांनी. गेल्या शरदात चष्म्याच्या दुकानातल्या मुलीनं तिची हनुवटी धरून मान सरळ केली होती. त्यानंतर तिला कुणाचा हात लागला नव्हता.

"माझी पाठ गेली बघा," वॉल्ट म्हणाला, पण हलला नाही.

घंटी वाजली. त्याचा हात नळाकडे गेला आणि थांबला.

"इर्मा, अजून आग होतेय का?"

आग केव्हाच शमली होती. तिचं कपाळ त्याच्या तळहातावर टेकलेलं होतं. ते तिनं उचललं नाही.

"हो," ती म्हणाली. "थोडी."