गोफणीचा हात

सरावाच्या जाळीशेजारच्या पडद्यावर लाल अक्षरं उमटली : 'खांदा चौदा महिन्यांत निकामी होणार. गोलंदाजीस मनाई.'

"यंत्राचा अंदाज आजवर चुकलेला नाही," निवड केंद्राचे डॉक्टर केळुसकर म्हणाले. "असा डोक्याभोवती हात गरगरवून चेंडू टाकायला तुला शिकवलं कुणी?"

"आईनं," यमुना म्हणाली. "ज्वारीवरची पाखरं हाकलायला गोफण अशीच फिरवतात."

"मग सगळ्यांसारखा हात टाकायला शिक. नाहीतर घरी जा."

यमुनाने यंत्राला जोडलेली तपासणीची बाही आपल्या हातावरून उतरवली आणि बाकावर बसलेल्या आईच्या हातावर चढवली. "आई, दाखव यांना."

हौसाबाईंनी पदर खोचला. पिशवीतली गोफण काढली, तिच्यात चेंडू ठेवला आणि दोनदा फिरवून सोडला. मधला स्टंप उडून जाळीत अडकला.

पडद्यावर पुन्हा लाल अक्षरं आली.

"काय म्हनतंय?" हौसाबाईंनी विचारलं.

डॉक्टरांनी घसा खाकरला. "खांदा एकतीस वर्षांपूर्वीच निकामी झालाय. हात वर उचलणं अशक्य."

हौसाबाईंनी हात सरळ आभाळाकडे उचलला आणि तसाच धरून ठेवला.

"मग ह्यो कुनाचा हाय?"