नरम स्प्रिंगा

"कसला रे उस्ताद कारागीर तू, रिफअत! इंजिन नुसतं बोंबलतं आणि फटफटी नाईलचा पूल चढत नाही. बायको उतरून ढकलत होती, अन् अख्खं झिफ्ता गाव चहा पीत बघत होतं!" मुतवल्लीकाका फणफणले.

मेकॅनिक रिफअतने मान खाली घातली. काकांच्या हाताला क्लच दाबायला जड जातो म्हणून दर खेपेला तो गुपचूप त्यात आणखी नरम स्प्रिंगा बसवत आला होता. आता त्या इतक्या नरम झाल्या होत्या की क्लच पकडच घेईना.

"क्लचप्लेटा झिजल्यात, काका," तो खोटंच म्हणाला. "बदलतो."

काकांनी क्लचचा दांडा दाबून पाहिला; तो दोन बोटांनी सहज दाबला गेला.

"प्लेटा राहू देत, पोरा. मूळच्या कडक स्प्रिंगा टाक. माझ्या हातातलं बळ गेलंय. विकत घेणाऱ्याला तरी गाडी धड मिळू दे."