दहावीची नऊ मुलं

मजीदभाईंनी नऊ नावं वाचली आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. आखातातल्या अबू हलीफा गावच्या भारतीय शाळेच्या लायब्ररीत पालकांनी निवडून दिलेली समिती बसली होती. ही नऊ मुलं दहावीची, सहामाहीत गणितात आपटलेली. त्यांना आत्ताच शाळा सोडल्याचे दाखले द्यावेत आणि त्यांनी भारतात जाऊन बाहेरून परीक्षेला बसावं, असा खजिनदार मजीदभाईंचा ठराव होता.

माणूस दुष्ट नव्हता. शाळेला सरकारी पैसा मिळत नसे. फी आणि देणग्या यांवर सारा गाडा. खालचे वर्ग अजून पत्र्याच्या केबिनमध्ये भरत. उन्हाळ्यात एसी बंद पडला की लहान मुलांच्या नाकातून रक्त यायचं. हवल्लीचा एक व्यापारी इमारत बांधून द्यायला तयार झाला होता. त्याची अट एकच, यंदाही दहावीचा निकाल शंभर टक्के लागला पाहिजे.

अध्यक्ष हरिश्चंद्र हे मीना अल-अहमदी बंदरातल्या रिफायनरीत इंजिनियर होते. नवी इमारत देतो असं सांगूनच ते निवडून आले होते. त्यांची स्वतःची मुलगी तेजस्वी त्याच पत्र्याखाली बसायची. मतं पडली तेव्हा तीन ठरावाच्या बाजूने आणि तीन विरुद्ध झाली. सगळे निर्णायक मतासाठी त्यांच्याकडे बघू लागले.

मुख्याध्यापिका अमिरुन्निसा मॅडमना मत नव्हतं. त्या कोपऱ्यातल्या खुर्चीवर आतापर्यंत गप्प होत्या. सभेचं कामकाज इंग्रजी-हिंदीत चालायचं. मॅडम दापोलीकडच्या. त्या एकदम मराठीत बोलल्या, ते फक्त हरिश्चंद्रांशी.

"साहेब, ही नऊ काढली तर निकाल शंभर टक्के लागेल. पण तो शाळेचा नसेल, गाळणीचा असेल."

हरिश्चंद्रांना रागच आला. ज्यांना इमारत उभी करायची नसते त्यांना असं बोलणं सोपं असतं, असं त्यांच्या मनात आलं. त्यांनीही मराठीतच विचारलं, "आणि नापास झाली तर?"

"तर आपली म्हणून नापास होतील."

हरिश्चंद्रांनी नावांची यादी पुढे ओढली. नवांतला एक मुलगा त्यांच्याच रिफायनरीतल्या क्रेनवाल्याचा. पोराला गावी धाडायचं म्हणजे आईलाही जावं लागणार आणि बाप इथे चार जणांच्या खोलीत परतणार. पोराने गाव पाहिलेलं ते सुट्टीत, पाहुण्यासारखं. मग तेजस्वी डोळ्यांपुढे आली, ओला रुमाल नाकाला लावून मान वर करून बसलेली. यातलं एकही चित्र हलेना. शेवटी त्यांनी ठरावाविरुद्ध हात वर केला.

मजीदभाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि एवढंच विचारलं, की शेठना कोण सांगणार. हरिश्चंद्र म्हणाले, मी सांगतो.

व्यापाऱ्याने त्यांना चहा पाजला, सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि शंभर टक्के निकाल हातात आला की मग या, असं सांगून दारापर्यंत पोचवायला आला. पालकांच्या सभेतही हरिश्चंद्रांनी काही लपवलं नाही. लोक नको नको ते बोलले. आमच्या पोरांचा घाम दुसऱ्यांच्या नापास पोरांवर ओवाळून टाकला, असं एकाने तोंडावर सुनावलं. तेव्हा मागून हुस्ना नावाची बाई उठली. तिची दोन्ही लहानगी पत्र्याच्या वर्गातच होती. ती मॅडमकडे हात करून म्हणाली, माझी पोरंही उद्या दहावीला येतील, त्यातलं एखादं कच्चं निघालं तर मला हीच बाई मुख्याध्यापिका हवी. टाळी मात्र कुणी वाजवली नाही.

सारा हिवाळा शाळा सुटल्यावर त्या नऊ जणांचे वर्ग चालले. हरिश्चंद्र ड्यूटीवरून थेट यायचे, कपड्यांना तेलाचा वास घेऊनच. त्यांना गणित यायचं, पण शिकवता यायचं नाही. मुलं माना डोलवायची आणि दुसऱ्या दिवशी तेच चुकायची. एका दुपारी ते वर्गात शिरले तर फळ्यापाशी मजीदभाई उभे. कोट खुर्चीला अडकवलेला, हाताला खडू. ठराव माझाच होता, ते हिंदीत म्हणाले, पण मुलं तुमच्या हातात दिली तर नक्की बुडतील. हरिश्चंद्र हसले आणि निमूट मागच्या बाकावर जाऊन बसले.

एप्रिलच्या निवडणुकीत हरिश्चंद्र पडले. इमारत झाली नाही.

मेअखेरीस निकाल लागला. नवांपैकी सात पास झाली. क्रेनवाल्याचा मुलगाही त्यांत सुटला. दुसरा एक मुलगा आणि जमिला नावाची मुलगी अशी दोघं राहिली, असं कारकुनाने सांगितलं तेव्हा त्याला त्या मुलाचं नावही आठवेना. मॅडमनी ते त्याला सांगितलं, वडिलांच्या नावासकट.

पास झालेल्यांच्या घरचे पेढ्यांचे बॉक्स घेऊन मॅडमच्या खोलीबाहेर दाटले होते. मॅडमनी त्यांना थांबायला सांगितलं आणि आधी जमिला आणि तिच्या वडिलांना आत बोलावलं. हरिश्चंद्र दाराशीच होते. वडील खाली बघत म्हणाले, की तिकीट काढतो, आता दाखला तेवढा द्या.

"दाखला मिळणार नाही," मॅडम म्हणाल्या. मग त्या जमिलाकडे वळल्या.

"उद्या शाळेची गाडी नेहमीच्या वेळेला येईल. दहावीच्याच वर्गात पुढच्या बाकावर बसायचं."