चेरीचा गुडघा

पॉमेरेनियन कुत्र्याबद्दल जे ॲन्सेल्म सरांना ठाऊक नाही, ते मुळात जाणून घेण्याच्या लायकीचंच नसतं. हे मत खुद्द ॲन्सेल्म सरांचं. ते मोठ्याने उच्चारत असतानाच मांडीवरच्या पॉमेरेनियनने त्यांच्या चष्म्याची काडी चावून तोडली.

सरांनी चष्मा खिशात टाकला आणि कुत्रीकडे संशयाने पाहिलं.

सर वेलंकणीच्या यात्रेहून कालच परतले होते. आठ दिवस चेरी शेजारच्या इमारतीतल्या चंद्रहास आणि त्याची बायको मीरा यांच्याकडे होती. जाताना सरांनी चंद्रहासला चौदा सूचना लिहून दिल्या होत्या. पहिली: राजोडीच्या बीचवर नेऊ नये, वाळूने पंजे बिघडतात. दुसरी: गळ्याला पट्टा बांधू नये, या जातीची श्वासनळी नाजूक असते, छातीचा पट्टाच वापरावा. उरलेल्या बारा खाण्याबद्दल होत्या.

चंद्रहासने काल कुत्री परत केली ती दारातूनच. चहालाही थांबला नाही. बँकेतला माणूस समोर आलेला चहा सोडतो, तेव्हा कुठेतरी काहीतरी शिजत असतं.

ही चेरी नव्हती. सरांनी ते उंबऱ्यातच ओळखलं होतं.

आणि उद्या टिफनी येणार होती. चेरी मुळात तिची. तीन वर्षांपूर्वी सरांची ही एकुलती लेक कॅनडाला गेली, ती चेरीच्या गळ्यात लाल रिबीन बांधून, तिला सरांच्या हवाली करून. “डॅडी, एवढी सांभाळा. बाकी काही मागत नाही.” पुढे काही महिन्यांत सरांची बायको कार्मिन गेली. घरात सर आणि कुत्री, दोघंच उरली. टिफनी फोनवर आधी चेरीची चौकशी करी. वेळ उरला तर वडिलांची.

चेरीचा मागचा डावा गुडघा पिल्लू असल्यापासून सरकायचा. चार पावलं चालली की पाय उचलून एक लंगडी घालायची. या जातीचं हे जुनंच दुखणं. पण दोन वर्षांपूर्वी सरांनी गावात जाहीर केलं की नारळाच्या तेलाच्या मालिशने त्यांनी तो बरा केला. गाव बघायला आलं. लंगडी खरोखरच बंद होती. गावातल्या फर्डिनंडची म्हातारी आई तर स्वतःचा गुडघा घेऊन आली. सरांनी तिलाही एक बाटली दिली.

त्याच सुमाराला चेरी पिवळटऐवजी चांगली नारिंगी दिसू लागली. टिफनीने व्हिडिओ कॉलवर विचारलंच. सर म्हणाले, “या जातीत वयाप्रमाणे रंग चढतो. वाचत जा जरा.”

आणि आता ही पिवळट कुत्री त्यांच्या ओटीवर चार पावलं चालून एक लंगडी घालत होती. रात्री ती कार्मिनच्या खुर्चीखाली जाऊन झोपली होती. चेरी सरांच्या चपलांवर झोपायची. पहाटे चपला थंडगार लागल्या, तेव्हा सरांना उरलासुरला संशयही राहिला नाही.

त्यांनी चंद्रहासला बोलावून घेतलं.

“बसा.”

“नको सर, मीराने भाजी टाकलीय.”

“भाजी कुठे पळून जात नाही,” सर म्हणाले. “कुत्र्याचं सांगता येत नाही.”

चंद्रहास बसला.

“रंग उतरला हिचा.”

“शांपू लावला, सर. मीराचा.”

“शांपूने गुडघा सरकतो?”

चंद्रहास पंख्याकडे बघू लागला.

“आणि सकाळी मी सुकटीची बरणी उघडली, तर ही टेबलावर चढली. माझी चेरी सुकटीच्या वासानेच तोंड फिरवते.”

तेवढ्यात चर्चची बाराची घंटा वाजली. कुत्रीने नाक वर केलं आणि शेवटच्या टोल्यापर्यंत गळा काढून साथ दिली.

“माझी चेरी घंटेला कानसुद्धा हलवत नाही,” सर शांतपणे म्हणाले.

चंद्रहासने हात जोडले. “चुकलो, सर. रविवारी आम्ही तिला राजोडीला नेलं. पट्टा सैल राहिला. लाटेला घाबरून त्यातून निसटली आणि सुरूच्या झाडांत घुसली. दोन दिवस शोधली. तुम्हाला काय तोंड दाखवणार?”

“मग ही कोण?”

“अर्नाळ्याला एका मावशीकडे दिसली. वाळत घातलेल्या मासळीची राखण करत होती. म्हटलं, मावशी, विकता का? तर म्हणाली, ‘इकाची कशाला? माजी नाय ती. दोन वरसांमागं राजोडीला गावली, गल्यात लाल रिबीन व्हती. नेतोस तं ने, पन सुकट घालत जा.’ चेहरा तोच वाटला, सर. म्हटलं, खपून जाईल.”

सरांचा कप बशीवर टेकायचा राहून गेला.

कालपासून त्यांनी या कुत्रीला नावाने हाक मारली नव्हती. परकीला कशाला?

“चेरी,” ते हळूच म्हणाले.

कार्मिनच्या खुर्चीखालून ती लंगडी घालत आली आणि त्यांच्या गुडघ्यावर पंजे ठेवून उभी राहिली.

“टिफनीला मीच सांगतो,” चंद्रहास म्हणाला. “ही तिची नाही म्हणून. पाय धरतो तिचे.”

“काही सांगू नका. तिचीच आहे. दोन वर्षांपूर्वी राजोडीला माझ्याच हातून निसटली होती.”

चंद्रहास बघतच राहिला. सर मात्र दाराकडे बघत होते. दाराशी चपला नुसत्याच पडल्या होत्या.

“फक्त एक करा,” सर म्हणाले. “तिच्या जागी मी तुळिंजवरून विकत आणलेली माझी चेरी तेवढी शोधून द्या.”